फ्रेंच क्रियाविशेषणे आणि मराठीतला 'पणे'पणा

फ्रेंचमधील रीतिवाचक क्रियाविशेषणांविषयी आपल्याकडे जे शिकवले जाते ते दोन ओळींत मावते. विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप घ्यावे आणि त्याला 'मां' हा प्रत्यय जोडावा, ही पहिली ओळ. तयार झालेला शब्द क्रियापदानंतर ठेवावा, ही दुसरी. त्यापुढे अपवादांची यादी येते. ती पाठ करायची असते. मराठीत अर्थ सांगताना विशेषणाला '-पणे' जोडला की विषय संपला. 'लांतमां' म्हणजे मंदपणे, 'दूसमां' म्हणजे मृदूपणे, 'फ्रांशमां' म्हणजे स्पष्टपणे. रिकाम्या जागा भरल्या जातात, गुण पदरात पडतात, आणि फ्रेंच हा 'स्कोअरिंग' विषय आहे ही ख्याती अबाधित राहते.

आम्ही मराठीचे अध्यापक. फ्रेंच व्याकरणाच्या वाटेला आम्ही का जावे, असे कोणी विचारील. या दोन ओळींचे परिणाम फ्रेंचच्या वर्गातच थांबले असते तर आम्ही गेलोही नसतो. परंतु ते अनुवादांत उतरतात, अनुवादांतून मराठी गद्यात झिरपतात, आणि मग आमच्या वर्गातला विद्यार्थी 'त्याने शांतपणे आणि उदासपणे व काहीशा निश्चितपणे मान हलवली' असे वाक्य लिहून ते वाङ्मयीन असल्याचे आम्हांलाच ऐकवतो. उलट बाजूने दुसरा एक उपदेश येतो : क्रियाविशेषणे म्हणजे दुबळ्या लेखकाच्या कुबड्या, ती सरसकट छाटावीत. एक पक्ष क्रियाविशेषण यंत्रवत घडवतो, दुसरा ते यंत्रवत कापतो. ते वाक्यात कोठे बसले आहे आणि तेथेच का बसले आहे, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. आमचे म्हणणे एवढेच की फ्रेंच क्रियाविशेषणाचा अर्थ त्याच्या प्रत्ययाइतकाच, पुष्कळदा त्याहून अधिक, त्याच्या जागेत असतो. आणि जागा न वाचता केलेले अध्यापन, अनुवाद व समीक्षा ही तिन्ही कामे अर्धवट होतात.

आधी घडणीकडे पाहू. 'स्त्रीलिंगी रूपच का?' हा कोणाही जिज्ञासू विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न असायला हवा. त्याला 'नियम आहे' हे उत्तर दिले जाते. वस्तुतः येथे नियम नाही, इतिहास आहे. 'मां' हा प्रत्यय मुळात प्रत्ययच नव्हता. लॅटिनमधील 'मेन्स' म्हणजे मन, चित्त. त्याचे 'मनाने' या अर्थाचे रूप 'मेंते'. हे नाम स्त्रीलिंगी, म्हणून त्याचे विशेषणही स्त्रीलिंगी. 'क्लारा मेंते' म्हणजे स्वच्छ मनाने. त्यातूनच आजचे 'क्लेरमां'. हळूहळू मन विरले आणि रीत उरली. आठव्या शतकातील राइखेनाउ शब्दसूचीत 'सिंगुलारितेर' या अभिजात लॅटिन शब्दाचा सोपा पर्याय म्हणून 'सोलामेंते' दिलेला आढळतो. म्हणजे तोवर 'मेंते'चा मनाशी असलेला संबंध सुटत आला होता. स्पॅनिशमध्ये जुन्या जोडणीची खूण अजून दिसते. दोन क्रियाविशेषणे जोडून आली की 'क्लारा इ दिस्तिंतामेंते' असा प्रत्यय फक्त शेवटच्या शब्दाला लागतो. फ्रेंचला ती मुभा राहिलेली नाही. तिला दोन्ही वेळा 'मां' म्हणावेच लागते.

मराठी विद्यार्थ्याला हे समजावून सांगणे किती सोपे आहे! लॅटिन 'मेन्स' आणि संस्कृतातील 'मति' व 'मनस्' हे शब्द एकाच मुळाचे. फ्रेंचने ज्या वाटेने हजार-दीड हजार वर्षांपूर्वी प्रवास केला त्या वाटेवर आपण आजही उभे आहोत : 'मोकळ्या मनाने', 'जड अंतःकरणाने', 'खुल्या दिलाने'. आपल्याकडे मन अजून मनच आहे, त्याचा प्रत्यय झालेला नाही. फ्रेंचमधले 'लूर्दमां' म्हणजे जडपणाने. त्यात कोणाचे अंतःकरण शिल्लक नाही. एवढी जवळची तुलना हाताशी असताना आपण विद्यार्थ्याच्या हाती '-पणे' देतो. '-पणे' तर वेगळ्याच घराण्याचा. तो '-पण' या भाववाचक नामाच्या तृतीयेतून येतो, त्याला मनाशी काही देणेघेणे नाही.

अपवादांच्या यादीचेही तसेच. 'कोंस्तां'पासून 'कोंस्तामां', 'एव्हिदां'पासून 'एव्हिदामां'. लेखनात दोन वेगळ्या स्वरांनी लिहिले जाणारे आणि उच्चारात एकच असणारे हे '-आमां' विद्यार्थ्याला छळते. येथे स्त्रीलिंगी रूप का येत नाही? कारण लॅटिनमध्ये या वर्गातील विशेषणांचे पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूप एकच होते. जुन्या फ्रेंचने तो वारसा जपला. 'मोठा' या अर्थाचे 'ग्रां' हे विशेषणही त्याच पठडीतले, म्हणूनच आजीला आजही 'ग्रां-मेर' म्हणतात, 'ग्रांद-मेर' म्हणत नाहीत. मग 'लां'पासून 'लामां' का होत नाही, 'लांतमां' का होते? कारण लॅटिन 'लेंतुस'ला स्वतंत्र स्त्रीलिंगी रूप होते. ज्याला आपण अपवाद म्हणतो तो येथे नियमाचा अधिक जुना थर आहे. 'व्रेमां'मध्ये स्त्रीलिंगी स्वर एकेकाळी लिहिला जाई, पुढे गळला. 'आसिद्युमां'सारख्या काही शब्दांत त्याची आठवण म्हणून स्वरावर टोपी राहिली, आणि १९९० च्या लेखनसुधारणांनी तीही ऐच्छिक केली. हे सारे पाच मिनिटांत सांगता येते. पाठांतराला मात्र वर्ष लागते.

शिवाय फ्रेंच स्वतः '-मां'च्या बाबतीत आपण समजतो तेवढी उधळी नाही. 'कोंतां' म्हणजे समाधानी; त्याला 'मां' लावायला गेलात तर 'कोंतांतमां' हा शब्द मिळतो खरा, परंतु ते क्रियाविशेषण नसून 'समाधान' या अर्थाचे नाम आहे. 'समाधानाने' म्हणायचे तर फ्रेंच माणूस 'समाधानी मुद्रेने' अशा वळणाने जातो. कित्येक ठिकाणी ती विशेषणच जसेच्या तसे वापरते : 'पार्ले बा' म्हणजे हळू बोलणे, 'कूते शेर' म्हणजे महाग पडणे, 'शांते फो' म्हणजे बेसूर गाणे. मराठी तरी दुसरे काय करते? 'महागपणे पडले' असे कोणी म्हणत नाही. मराठीजवळ रीत सांगण्याची साधने विपुल आहेत : 'हळूहळू', 'गुपचूप', 'झटकन', 'धाडदिशी', 'हसून', 'नाइलाजाने', 'मुद्दाम'. 'ती चांगली गाते' या वाक्यात तर विशेषणच कर्त्याचे लिंग घेऊन क्रियेची रीत सांगते. अशा भाषेने अनुवाद करताना एकाच प्रत्ययाच्या दारात उभे राहावे, ही ओढवून घेतलेली गरिबी होय. 'शांतपणे', 'प्रामाणिकपणे' हे शब्द अस्सल मराठी आहेत, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. भांडण 'दूसमां' दिसताच 'मृदूपणे' लिहिणाऱ्या हाताशी आहे. दार लोटताना 'दूसमां' म्हणजे 'अलगद', बोलताना 'हळू आवाजात', आणि घाई करणाऱ्याला उद्देशून एकटाच उच्चारला तर 'सावकाश!'

आता जागेकडे येऊ; खरा वाद येथेच आहे.

साध्या काळात फ्रेंच क्रियाविशेषण क्रियापदाच्या लगेच मागे येते : 'तो उघडतो हळूहळू दार' असा त्या भाषेचा क्रम. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये त्याला थारा नाही. इंग्रजीत नेमके उलट घडते. तेथे क्रियाविशेषण कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये सुखाने बसते, परंतु क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये शिरू शकत नाही. झां-इव्ह पोलॉक यांनी १९८९ मध्ये 'लिंग्विस्टिक इन्क्वायरी'तील प्रसिद्ध लेखात या फरकाचा अन्वयार्थ असा लावला की, दोन्ही भाषांत क्रियाविशेषण आपल्या ठिकाणीच असते. फ्रेंचमध्ये काळ-पुरुषाचे प्रत्यय घेतलेले क्रियापद त्याला ओलांडून पुढे जाते, इंग्रजीत ते जात नाही. हा सिद्धान्त कोणी मानो वा न मानो, त्यातून एक धडा मिळतो : दोन भाषांतील जागा एकमेकींवर कागद ठेवून गिरवता येत नाहीत. फ्रेंच साहित्य मराठीत पुष्कळदा इंग्रजीच्या वाटेने आले. म्हणजे एका भाषेतील जागा दुसरीच्या सक्तीनुसार हलवली गेली, आणि तिसरीत येताना ती हललेली जागाच मूळ मानली गेली.

संयुक्त काळात गंमत वाढते. 'ब्यां' (चांगले) आणि 'माल' (वाईट) यांसारखी लहान क्रियाविशेषणे साहाय्यक क्रियापद आणि धातुसाधित यांच्या मध्ये जातात. '-मां'वाली लांबलचक मंडळी बहुधा धातुसाधितानंतर येतात. पुस्तके येथे थांबतात. परंतु ही लांब क्रियाविशेषणे मध्येही येऊ शकतात, वाक्यारंभीही येऊ शकतात, आणि प्रत्येक वेळी वाक्य बदलते. 'इल आ रेपोंद्यु बेतमां' : त्याने दिलेले उत्तर मूर्खपणाचे होते. 'बेतमां, इल आ रेपोंद्यु' : उत्तर कदाचित शहाणपणाचेही असेल, पण उत्तर दिले हाच मूर्खपणा. 'बेतमां' मध्यभागी ठेवले तर वाक्य बहुधा या दुसऱ्या अर्थाकडे झुकते. आता या तिन्ही वाक्यांचा '-पणे'च्या कृपेने होणारा अनुवाद पाहा : 'त्याने मूर्खपणे उत्तर दिले.' निकाल कोणावर लागला आहे, उत्तरावर की उत्तर देण्यावर, हे मराठी वाचकाला कळायला मार्ग नाही. 'त्याचे उत्तर बावळटपणाचे होते' आणि 'मूर्खासारखा उत्तर देऊन बसला' ही दोन वेगळी वाक्ये मराठीत सहज होतात. त्यांतल्या एकातही '-पणे' लागत नाही.

नकार आला की चूक जीवघेणी होते, अक्षरशः. 'इल ने पा मोर नात्युरेलमां' म्हणजे त्याचा मृत्यू नैसर्गिक नव्हता. माणूस मेलेला आहे आणि संशयाला जागा आहे. 'नात्युरेलमां, इल ने पा मोर' म्हणजे तो अर्थातच मेलेला नाही. माणूस जिवंत आहे. शब्द तेच, फक्त एक शब्द टोकाकडून टोकाकडे गेला आणि एक स्वल्पविराम आला. 'व्रेमां' (खरोखर) याला तर एवढाही प्रवास करावा लागत नाही. 'ज न लेम व्रेमां पा' म्हणजे मला तो खरोखरच आवडत नाही. 'ज न लेम पा व्रेमां' म्हणजे मला तो तितकासा आवडत नाही. नकारदर्शक 'पा'च्या अलीकडे की पलीकडे, एवढाच प्रश्न. पण पहिल्या वाक्याने नाते तुटते, दुसऱ्याने ते टिकते. रीत सांगणारा शब्द जागा बदलताच बोलणाऱ्याचा अभिप्राय सांगू लागतो. ज्याला हे शिकवले गेले नाही त्याला कादंबरीतील निवेदक केव्हा पाहतो आहे आणि केव्हा न्याय करतो आहे, हे कसे समजणार? निवेदनतंत्रावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या आपल्या समीक्षेने या एका शब्दाच्या जागेकडे पाहू नये, याचे आम्हांला नवल वाटते.

साहित्यातील दोन साक्षी काढू. मोलियेरच्या १६५९ च्या 'ले प्रेस्योझ रिदिक्युल' या प्रहसनातील नखरेल मंडळी उठताबसता 'फ्युरियोझमां', 'तेरिब्लमां' असे शब्द वापरतात. या शब्दांत ना संताप उरला आहे ना भीती. रीतीचे परिमाण झाले आहे. ज्याने प्रत्यय पाहून 'संतप्तपणे' लिहिले त्याने विनोदाचा गळा घोटला. आणि मराठीला हे परके थोडेच आहे? 'भयंकर आवडलं', 'भयानक सुंदर' म्हणणारी मंडळी आपल्या आसपासच आहेत. मोलियेरची थट्टा त्यांच्या तोंडी चपखल बसेल. फक्त अनुवादकाने शब्दकोशातून मान वर करायला हवी.

दुसरी साक्ष फ्लोबेरची. आल्बेर तिबोदे यांच्या लेखाला उत्तर म्हणून प्रुस्तने जानेवारी १९२० मध्ये 'नूव्हेल रव्ह्यू फ्रांसेझ'मध्ये फ्लोबेरच्या शैलीवर एक निबंध लिहिला. फ्लोबेर क्रियाविशेषणे अशा ठिकाणी ठेवतो की ती कुरूप, अनपेक्षित आणि जड वाटावीत. गवंड्याने भिंतीतील फटी बुजवाव्यात तशी ती वाक्यांत बसतात, असे प्रुस्तचे निरीक्षण. ही तक्रार नव्हे. व्याकरणाच्या नव्या वापरातून फ्लोबेरने जग पाहण्याची नवी रीत दिली, असे सांगणाऱ्या निबंधातले ते विधान आहे. प्रुस्तसारखा लेखक क्रियाविशेषणाच्या जागेला शैलीचे मर्म मानतो आणि आपण त्याला रिकामी जागा भरण्याचा प्रश्न मानतो!

या निरीक्षणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८७७ च्या 'त्र्वा कोंत' या संग्रहाच्या अखेरीस आहे. 'एरोदियास' या शेवटच्या कथेत योहानाचा शिरच्छेद होतो आणि तीन माणसे ते शिर घेऊन वाटेला लागतात. शिर जड आहे, ते ओझे तिघे वाटून घेतात, एवढेच शेवटचे वाक्य सांगते. त्या वाक्याचा, कथेचा आणि सबंध पुस्तकाचा शेवटचा शब्द आहे 'आल्तेर्नातीव्हमां'. ना शोक, ना उद्गार, ना उपदेश. संताच्या शिरापाशी कथा संपते ती ओझे वाहण्याच्या रीतीवर, एका लांब, रुक्ष, कचेरीतल्या शब्दावर. आणि त्या शब्दाच्या लांबीत चालणाऱ्यांची पावले ऐकू येतात.

हे मराठीत कसे आणावे? इंग्रजी सदृश शब्दाच्या नादी लागलेला अनुवादक 'पर्यायाने' लिहील आणि फसेल, कारण मराठीत त्याचा अर्थच वेगळा होतो. 'वैकल्पिकपणे' लिहिणाऱ्याबद्दल न बोललेले बरे. 'आळीपाळीने' हा नेमका शब्द आपल्यापाशी आहे. घरगुती आहे, कोरडा आहे, चार पावलांची लयही त्यात आहे. अडचण जागेची. मराठी वाक्य क्रियापदावर संपते. मूळाचे अनुकरण म्हणून 'वाहून नेत होते, आळीपाळीने' असे लिहिले तर क्रियापदानंतर आलेला शब्द मराठीत मागाहून सुचलेल्या पुस्तीसारखा हलका वाटतो. फ्रेंचमध्ये जे स्थान सर्वांत जड, ते मराठीत सर्वांत सैल. मराठीत वजन पडते ते क्रियापदाच्या लगेच आधीच्या जागेवर. म्हणून आमच्या मते 'आळीपाळीने' तेथे ठेवावे आणि त्यामागे शक्य तितके लहान, बिनआवाजाचे क्रियापद यावे. 'आळीपाळीने खांदा देत होते' असे लिहिण्याचा मोह मराठी माणसाला होईल. परंतु 'खांदा देणे' म्हटले की अंत्ययात्रा उभी राहते आणि फ्लोबेरने कष्टाने टाळलेली भावना मागच्या दाराने आत येते. तो मोह आवरावा. अनुवाद जागेचा नव्हे, जागेच्या वजनाचा करायचा असतो, हे या एका शब्दावरून वर्गात जेवढे शिकवता येईल तेवढे अनुवादमीमांसेच्या दहा व्याख्यानांतून शिकवता येणार नाही.

आता छाटणीवाद्यांविषयी. या उपदेशाचा अलीकडचा लोकप्रिय आधार म्हणजे स्टीफन किंग यांचे 'ऑन रायटिंग' (२०००). किंग यांचा रोख इंग्रजी गद्यातील, विशेषतः संवादाला चिकटवलेल्या, क्रियाविशेषणांवर आहे आणि तेथे तो पुष्कळ अंशी योग्यही आहे. '-मां'ची माळ लावू नये असे फ्रेंच शैलीशिक्षकही बजावतात. परंतु एका भाषेच्या एका काळातील कारागिरीची सूचना सर्व भाषांचा सौंदर्यनियम म्हणून मिरवणे हा निव्वळ आळस आहे. हा नियम 'एरोदियास'ला लावून पाहा. शेवटचा शब्द छाटला की उरते ती फक्त एक बातमी.

यावर आमचे काही सहकारी म्हणतील, साठ-साठ मुलांच्या वर्गात आणि ठरलेल्या तासिकांत हे सारे कोठे बसवायचे? आरंभी नियम हवाच, हे आम्हांला मान्य आहे. पायरीवाचून चढता येत नाही. पण पायरीवरच बिऱ्हाड करू नये. अभ्यासक्रमात एक अक्षरही न वाढवता हे करता येईल. 'खालील विशेषणांची क्रियाविशेषणे करा' हा वर्षानुवर्षे चालत आलेला प्रश्न एकदा रद्द करावा आणि त्याच गुणांना 'नात्युरेलमां'ची वरील दोन वाक्ये द्यावीत. प्रश्न एवढाच विचारावा : यांपैकी कोणत्या वाक्यातला माणूस जिवंत आहे, ते कशावरून ओळखले, आणि '-पणे' न वापरता दोन्ही वाक्ये मराठीत लिहा. ज्याला याचे उत्तर देता येईल त्याला थोडे फ्रेंच आले आहे असे आम्ही म्हणू, आणि मराठीही.